पाळीव सापावरील माइट : ओळख, पेटीची सफाई आणि उपचार

पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यात साप पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे साप दिवसभर पाण्याच्या भांड्यातच बसून असतो. मे महिन्यातील उकाड्यात त्याचे पाण्यात बसणे समजण्यासारखे असते. परंतु आषाढातील गार हवेत, पेटीचे तापमान योग्य असतानाही बॉल पायथन तासन्‌तास पाण्याबाहेर येत नसेल, तर त्याला काहीतरी चावत आहे असे समजून तपासणीला लागावे. चावणारा जीव बहुतेक वेळा माइट असतो. वांग्यावर आणि भेंडीवर पडणारा लाल कोळी आपल्याकडील शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. हा जीव त्याच सूक्ष्म कोळ्यांच्या वर्गातला आहे, फरक इतकाच की तो पानाचा रस न शोषता सापाचे रक्त शोषतो. त्याचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस असे आहे.

पुढील सर्व मजकूर कॉर्न स्नेक, बॉल पायथन अशा विदेशी आणि कायदेशीररीत्या पाळलेल्या सापांविषयी आहे. नाग, धामण, अजगर, कवड्या, दिवड यांपैकी कोणताही भारतीय साप घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी प्रजातींची नोंदणी 2024 च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ही नोंदणी झालेली असेल, तर साप आजारी पडल्यावर पशुवैद्याकडे नेताना मनात धाकधूक राहत नाही, हाही तिचा एक मोठा उपयोग आहे.

माइट ओळखण्यासाठी डोळे आणि चांगला उजेड पुरेसा आहे. रक्त प्यायलेली मादी खसखशीच्या दाण्याएवढी, काळी आणि चकचकीत दिसते. उपाशी असताना ती पिवळसर तपकिरी आणि त्याहून लहान असते. सापाला हातावर घेऊन प्रथम हनुवटीखालची मधली खाच पाहावी, कारण तेथील कातडी मऊ असल्याने माइट तेथे सर्वांत आधी घर करतात. त्यानंतर डोळ्यांभोवतीची कड, ओठांवरील उष्णता जाणणाऱ्या खळग्या आणि शेपटीच्या मुळाशी असलेले मलद्वार तपासावे. एखादे खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा किंचित वर उचललेले दिसले, तर त्याच्या कडेखाली काळा ठिपका आहे का, हे भिंगातून पाहावे. अंगावर राख भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसत असतील, तर ती माइटची विष्ठा असते, आणि कित्येकदा माइट दिसण्याआधी ही राखच दिसते.

मी स्वतः जी चाचणी करतो, ती जुन्या धोतराच्या तुकड्याची आहे. पांढरे सुती कापड कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, मुठीत सैल धरावे आणि साप त्यातून आपल्या गतीने पुढे सरकू द्यावा. पाच मिनिटांनी कापड खिडकीपाशी उजेडात पसरले, की त्यावर काळे ठिपके चालताना दिसतात, आणि नखाने एखादा ठिपका दाबला तर तांबडा डाग उमटतो. त्याचबरोबर पाण्याच्या भांड्याचा तळही पाहावा. बुडून मेलेले माइट तेथे काळ्या तिळाच्या चुऱ्यासारखे साचलेले असतात. भांडे पांढरे असेल तर ते चटकन दिसतात, म्हणून मी सर्व भांडी पांढरीच ठेवली आहेत.

उपचाराला हात घालण्यापूर्वी या जीवाचे आयुष्य समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण बहुतेकांचे प्रयत्न येथेच वाया जातात. मादी रक्त पिऊन सापावरून खाली उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. एक मादी आयुष्यात साधारण 60 ते 80 अंडी घालते. विशेष म्हणजे नराशी संयोग न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही पिल्ले निघतात आणि ती सर्व नर असतात, त्यामुळे पेटीत एखादीच मादी शिल्लक राहिली तरी वंश पुढे चालू शकतो. अंडी उबेत एक ते चार दिवसांत फुटतात. बाहेर आलेले सहा पायांचे पिल्लू काही खात नाही. कात टाकल्यावरच्या दुसऱ्या अवस्थेत मात्र ते रक्तासाठी साप शोधत निघते. पोट भरले की ते पुन्हा खाली उतरते, आणखी दोनदा कात टाकते आणि प्रौढ होते. सुमारे 25 अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचा हा प्रवास 13 ते 19 दिवसांत पूर्ण होतो, उष्णता वाढली की आणखी लवकर. प्रौढ माइट महिनाभराहून अधिक, साधारण 40 दिवसांपर्यंत जगतो.

यातून लक्षात घेण्याची गोष्ट ही की कोणत्याही क्षणी सापाच्या अंगावर दिसणारे माइट हे एकूण संख्येचा लहानसा भाग असतात; उरलेले सर्व पेटीच्या कोपऱ्यांत, झाकणाच्या खोबणीत आणि लपण्याच्या जागेच्या खालच्या बाजूला असतात. साप कितीही स्वच्छ केला आणि पेटी तशीच ठेवली, तर आठवड्याभरात परिस्थिती पहिल्यासारखी होते. दुसरे असे की अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही, म्हणून एकदा केलेला उपचार हा उपचारच नव्हे.

पेटीची सफाई सुरू करण्यापूर्वी सापासाठी तात्पुरती जागा तयार करावी. झाकणाला बारीक छिद्रे असलेला प्लास्टिकचा गुळगुळीत डबा, तळाला पांढरा कागद, पाण्याचे एक भांडे आणि लपण्यासाठी पुठ्ठ्याचा खोका, एवढेच त्यात असावे. खोका रोज फेकून नवा ठेवता येतो, हाच त्याचा फायदा आहे. डब्याच्या एका बाजूला ऊब देणारी पट्टी थर्मोस्टॅटसह लावावी. साप आजारी आहे म्हणून त्याच्या तापमानाकडे दुर्लक्ष करू नये, कारण थंड पडलेल्या सापाची प्रतिकारशक्ती घटते.

रिकाम्या पेटीतील सर्व कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा शेवाळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावे आणि त्याच दिवशी घराबाहेर काढावे. हा माल कुंड्यांत किंवा परसबागेत टाकण्याचा मोह टाळावा. पाण्याची भांडी आणि उष्णता सोसणारे प्लास्टिकचे सामान उकळत्या पाण्यात बुडवावे, कारण 50 अंशांहून अधिक उष्णतेत माइट काही सेकंदांतच मरतात. पेटी प्रथम साबणाच्या गरम पाण्याने घासावी, आणि घासताना जुना दात घासण्याचा ब्रश वापरावा, कारण खरी लढाई कोपऱ्यांत असते. काचेच्या जोडांवरील सिलिकॉनची पट्टी, सरकत्या काचेची खोबण, तार आत जाण्याचे छिद्र, हवेच्या जाळीची चौकट आणि ऊब देणाऱ्या पट्टीची खालची बाजू या पाच जागा मी दोनदा तपासतो. अंडी घालणारी मादी वरच्या दिशेने चढते, हे लक्षात ठेवून झाकणाच्या आतील कडेवर सर्वाधिक वेळ द्यावा. नेमके तेच झाकण पुसायचे राहून जाते.

लाकडी सामानाविषयी माझे मत स्पष्ट आहे. शक्य असेल तर ते टाकून द्यावे. ओबडधोबड खोडाच्या सालीतील प्रत्येक चीर माइटसाठी सुरक्षित खोली असते. माझ्याकडे पहिल्यांदा माइट आले ते एका परिचिताने दिलेल्या अशाच लाकडाच्या सुंदर ढोलीतून. ती मी फक्त झटकून पेटीत ठेवली होती, आणि पुढचे दोन महिने माझ्या कॉर्न स्नेकला त्याची किंमत मोजावी लागली. एखादे लाकूड ठेवायचेच असेल, तर आपल्याकडील उन्हाचा उपयोग करून घ्यावा. पेरणीपूर्वी जमीन नांगरून चैत्र-वैशाखात तापू देण्यामागे किडींचे कोष मारण्याचा हेतू असतो, तोच येथे लागू पडतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत लाकूड बांधून एप्रिल-मेमध्ये गच्चीवरील पत्र्यावर भर दुपारी ठेवावे, बाजू उलटवत सलग चार-पाच दिवस तापवावे, आणि लाकडाशेजारी साधा तापमापक ठेवून पिशवीतील तापमान 50 अंशांच्या पुढे जाते की नाही याची खात्री करावी. जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे एका दुपारवर विसंबू नये. पावसाळ्यात हा उपाय निरुपयोगी आहे; तेव्हा लाकूड टाकूनच द्यावे.

आता सापाकडे वळू. साधारण 28 ते 30 अंशांच्या कोमट पाण्यात, पाणी सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत येईल अशा बेताने, त्याला अर्धा तास ठेवावे. पाणी आधी थर्मामीटरने मोजावे, आणि त्या अर्ध्या तासात समोरून उठू नये, कारण दमलेला किंवा अशक्त साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. अंग बुडाले की बरेच माइट सुटून पाण्यात पडतात, मात्र काही जीव वाचवण्यासाठी डोक्याकडे चढतात. म्हणून स्नानानंतर ओल्या मऊ कापडाने मानेपासून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनेच, अंग पुसावे, आणि डोळ्यांच्या कडेला व हनुवटीच्या खाचेत कापसाच्या काडीने ऑलिव्ह तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेलाने माइटची श्वसनछिद्रे बंद होतात. नाकपुड्यांत आणि ओठांवरील खळग्यांत तेल जाऊ देऊ नये, आणि संपूर्ण सापाला तेल चोपडण्याचा प्रकार करू नये. डोळ्यावर कातीची जुनी टोपी, म्हणजे डोळा झाकणारा कातीचा पापुद्रा, अडकून राहिलेली दिसली, तर ती चिमट्याने ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. उपचाराचे पाणी नाल्यात ओतण्याआधी त्यात उकळते पाणी मिसळावे. ज्या घरांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे रोजचे स्नान परवडत नाही, हे मी जाणतो. अशा वेळी एक दिवसाआड स्नान आणि मधल्या दिवशी ओल्या कापडाने पुसणे, एवढे केले तरी चालते. पण रोजचा कागद बदलणे मात्र कधीही चुकवू नये.

औषधांविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक घराचा गोठ्याशी संबंध असतो आणि गोचिडाचे औषध कोनाड्यात तयार असते. माझ्या सापावर माइट झाल्याचे कळल्यावर गावाकडील काकांनी अगदी मायेने सांगितले होते, “आरं, एवढं काय घाबरतोस? बैलाचं गोचिडाचं औषध हाय की, मार थोडं, एका दिसात साफ व्हतंय.” त्यांचा अनुभव बैलाच्या बाबतीत खरा होता. परंतु गोठ्यात वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ ही औषधे शेकडो किलो वजनाच्या, दाट केसांच्या आणि जाड कातडीच्या जनावरासाठी असतात. बंद पेटीत कोंडलेल्या एक-दीड किलोच्या सापाला त्यांच्या वाफेनेही कंप सुटतो, मान वाकडी होते, पालथा पडल्यावर सरळ होता येत नाही, आणि त्यातून तो वाचेलच असे नाही. ही औषधे सापावर कधीही वापरू नयेत.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबाबतही तेच. हे औषध सापांमधील माइटवर पशुवैद्य वापरतात, परंतु त्याची सर्वसाधारण मात्रा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम इतकी असते. बाजारातील एक टक्का तीव्रतेच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एक किलोच्या सापाला केवळ 0.02 मिलिलिटर लागते. शेळीला टोचण्याच्या सिरिंजवर हा थेंब मोजताच येत नाही, आणि डोळ्याच्या अंदाजाने घेतलेला थेंब सहज पाचपट होतो. बॉल पायथनमध्ये या औषधाने मज्जासंस्थेची लक्षणे दिसल्याच्या नोंदीही आहेत. घरात कासव असेल तर आणखी सावध राहावे, कारण कासवांसाठी आयव्हरमेक्टिन जीवघेणे ठरते.

अशा परिस्थितीत जवळ पर्याय उरतो तो कुत्र्या-मांजरांसाठी मिळणाऱ्या 0.25 टक्के फिप्रोनिल फवाऱ्याचा. हा फवारा सापांसाठी बनवलेला नाही, म्हणून पशुवैद्याला विचारूनच तो वापरावा. तो थेट सापावर न मारता मोकळ्या हवेत कापडावर मारावा, फवाऱ्यातील मद्यार्काचा वास उडून जाऊ द्यावा, आणि डोके सोडून उरलेल्या अंगावरून कापड एकदाच फिरवावे. काही मिनिटांनी सापाला कोमट पाण्याने धुवावे. लहान पिल्ले, कात टाकायला आलेले, अशक्त किंवा अंगावर जखमा असलेले साप यांच्यावर तो वापरू नये. रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यांत मात्र हाच फवारा मोकळेपणाने मारता येतो, फक्त पेटी पूर्ण वाळून किमान 24 तास हवेशीर झाल्याशिवाय साप आत सोडू नये, आणि पाण्याचे भांडे त्याहीनंतर ठेवावे. परदेशातील पेर्मेथ्रिनचे फवारे पेटीसाठी प्रसिद्ध आहेत, परंतु घरात मांजर किंवा मासे असतील तर त्यांच्यासाठी पेर्मेथ्रिन विष आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पेटीत टांगण्याच्या ज्या पट्ट्या सांगितलेल्या असतात, त्यांतील डायक्लोरव्हॉसवर भारतात बंदी आहे. डांबराच्या गोळ्या, रॉकेल, मुंग्यांचा खडू आणि फिनाइल यांपैकी काहीही सापाच्या खोलीत आणू नये.

साप बराच अशक्त झाला असेल, तोंडातील आवरण गुलाबी न दिसता पांढरट दिसत असेल, तोंड उघडे ठेवून तो श्वास घेत असेल किंवा नाकातोंडातून फेस येत असेल, तर घरगुती उपाय तेथेच थांबवावेत. माइट केवळ रक्त पीत नाहीत, ते एका सापाकडून दुसऱ्याकडे एरोमोनास जातीचे जिवाणूही नेतात आणि त्यातून रक्तात जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्या विभागात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; गावातील डॉक्टरांना सापांचा अनुभव नसेल तर तेथे विचारणा करावी. जाताना सापाचे त्याच दिवशी मोजलेले वजन लिहून न्यावे, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते, आणि कापडावर सापडलेले दोन-चार माइट छोट्या बाटलीत घालून सोबत न्यावेत.

खोलीकडेही लक्ष द्यावे लागते. माइटला हवेत बराच ओलावा लागतो. कोरड्या हवेत उपाशी माइट लवकर वाळून मरतात. मराठवाड्याचा उन्हाळा या बाबतीत आपल्या बाजूने असतो, परंतु त्याच उन्हाळ्यात आपण सापाच्या खोलीत पाण्याचा कूलर लावतो आणि ती जमेची बाजू घालवतो. उपचार चालू असेपर्यंत कूलर दुसऱ्या खोलीत हलवावा आणि पंख्यावर भागवावे. पेटीसुद्धा या काळात नेहमीपेक्षा कोरडी ठेवावी. साप कात टाकायला आला, डोळे निळसर झाले, तरच ओल्या कागदाने भरलेला डबा त्याला लपायला द्यावा आणि तो कागद रोज फेकावा. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाणारे माइट अडवण्यासाठी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली युक्ती वापरावी. दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून ते पाण्याच्या परातीत ठेवतात, त्याप्रमाणे पेटी विटांवर उचलून मोठ्या ट्रेमध्ये ठेवावी आणि ट्रेमध्ये साबणाचे पाणी भरावे. साबणामुळे माइट पाण्यावर तरंगत पलीकडे जाऊ शकत नाही.

पहिल्या दिवशी पेटी आणि साप दोन्ही स्वच्छ केल्यावर पुढील सात दिवस रोज कागद आणि पुठ्ठ्याचा खोका बदलावा. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान संपूर्ण उपचार पुन्हा करावा, कारण तोपर्यंत उरलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले साप शोधत असतात आणि अजून अंडी घालण्याइतकी वाढलेली नसतात. तिसरी फेरी विसाव्या दिवसाच्या आसपास घ्यावी. दहा-बारा दिवसांनी एकही माइट दिसत नाही आणि मन सुटकेचा श्वास घेऊ लागते. नेमक्या याच दिवसांत बहुतेक लोक थांबतात, आणि महिन्याने तीच राख पुन्हा खवल्यांवर दिसू लागते. म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेवर तिन्ही तारखा आधीच खुणा करून ठेवाव्यात, आणि शेवटचा माइट दिसल्यापासून सहा आठवडे धोतराच्या कापडाची चाचणी दर चार दिवसांनी करत राहावी.

नवा साप घरी आल्यावर त्याला किमान 60, शक्य असल्यास 90 दिवस वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवावे. रोजची कामे निरोगी सापांपासून सुरू करून नव्या किंवा आजारी सापाकडे शेवटी जावे, आणि त्यानंतर हात धुवून कपडे बदलावेत. जे मित्र सर्पमित्र म्हणून काम करतात आणि घरीही साप पाळतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शेतात किंवा वस्तीत पकडलेली धामण क्षणभरही आपल्या पेट्यांच्या खोलीत आणू नये. रानातील सापांवर माइट असतात, तसेच खवल्यांत रुतलेले गोचीडही असतात. ते डोळ्यांना सहज दिसतात, पण त्यांच्यासोबत आलेले माइट पिशवीच्या शिवणीतच राहतात. पकडण्याची पिशवी प्रत्येक वापरानंतर उलटी करून उकळत्या पाण्यात टाकावी आणि कडक उन्हात वाळवावी, आणि सापाच्या खोलीत जाण्यापूर्वी अंगावरील शर्टही त्याच पाण्यात टाकावा.

सहा आठवडे कापड सलग स्वच्छ निघाले, पाण्याच्या भांड्याचा तळ पांढराच राहिला आणि सापाने एक कात सोलल्यासारखी अखंड टाकली, की ती कातही फेकण्यापूर्वी उजेडात ताणून पाहावी. डोळ्यांच्या टोप्या आणि हनुवटीची खाच तिच्यात स्वच्छ उमटलेली दिसली, तर पेटीत नवे कोकोपीट घालण्यास हरकत नाही. ते आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणावे.